परक्या यंत्राचीं हत्यारें

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा रस्त्याच्या अंगानें वाढलेल्या मनीषनगरासारख्या वसाहतींत दिवेलागणीच्या सुमारास घरोघर एक दृश्य आतां नित्याचें झालें आहे. वडील वर्तमानपत्र चाळीत आहेत, स्वयंपाकघरांतून फोडणीचा वास येत आहे, आणि कोपऱ्यांतील टेबलाशीं मुलगा किंवा मुलगी संगणकावर प्रोग्रॅम लिहीत आहे. तो प्रोग्रॅम त्याच संगणकासाठीं असतो असें मात्र नाहीं. पुष्कळदां तो खिशांतील फोनसाठीं असतो. केव्हां धुलाईच्या यंत्रांतील चिपसाठीं, तर केव्हां महाविद्यालयांतून प्रयोगाकरितां आणलेल्या तळहाताएवढ्या फळीसाठीं असतो. लिहावयाचा एका यंत्रावर आणि चालवावयाचा दुसऱ्याच यंत्रावर, असा हा प्रकार आहे. तो इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं नवल आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु नवल आहे, आणि नवलाबरोबर धोकाहि आहे. त्या दोहोंचा इतिहास थोडक्यांत सांगणें हा प्रस्तुत भाषणाचा हेतु आहे.

प्रत्येक संगणकाच्या हृदयस्थानीं प्रोसेसर असतो आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची आपली एक भाषा असते. टेबलावरच्या बहुतेक संगणकांत इंटेलच्या परंपरेंतील प्रोसेसर असतो, तर फोनमध्यें बहुधा आर्म जातीचा. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नाहीं. मनुष्य जो प्रोग्रॅम लिहितो तो या दोन्हीं भाषांहून निराळ्या, माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. आणि त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा जो दुभाषी, त्यास कंपायलर म्हणतात. सामान्य कंपायलर ज्या यंत्रावर बसलेला असतो त्याच यंत्राच्या भाषेंत रूपांतर करतो. परंतु एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणाराहि कंपायलर असतो. त्यास क्रॉस-कंपायलर असें नांव आहे.

ही गोष्ट शिंप्याच्या दुकानावरून चांगली समजेल. शिंपी आपल्या दुकानांत बसून परगांवच्या गिऱ्हाइकाचा अंगरखा शिवूं शकतो. गिऱ्हाइकाचें माप कागदावर लिहिलेलें असलें म्हणजे झालें. मात्र शिवतां शिवतां त्यानें नकळत स्वतःच्याच खांद्याला कापड लावून पाहिलें, तर अंगरखा शिंप्याला बसेल, गिऱ्हाइकाला बसणार नाहीं. उलट, परगांवच्या गिऱ्हाइकाचें माप टेबलावर तसेंच पडून राहिलें आणि दुसऱ्या दिवशीं घरच्या मुलाचा सदरा त्याच मापानें बेतला गेला, तर तोहि वायां जाईल. पुढें जो इतिहास सांगावयाचा आहे, तो या दोन चुका टाळण्याचा इतिहास आहे.

परक्या यंत्रासाठीं प्रोग्रॅम घडविण्याची गरज प्रथम कोणाला पडली? ज्याचें लक्ष्य असलेलें यंत्र फार लहान होतें, किंवा जवळ नव्हतेंच, त्याला. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानांत जो छोटा संगणक बसविला होता, त्याच्या अंगीं स्वतःचे प्रोग्रॅम तयार करण्याचें बळ नव्हतें. ते मॅसॅच्युसेट्स येथील संस्थेंतल्या मोठ्या संगणकांवर तयार होत आणि मग यानाच्या संगणकाच्या स्मृतींत अक्षरशः तारांनीं विणले जात. पुढें १९७५ सालीं अल्टेअर नांवाचा स्वस्त संगणक अमेरिकेंत विक्रीस निघाला. पॉल ॲलन आणि बिल गेट्स या दोघां तरुणांनीं त्यासाठीं बेसिक भाषेचा प्रोग्रॅम लिहिण्याचें पत्करलें. पण त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हता. ॲलन यांनीं हार्वर्ड विद्यापीठाच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर अल्टेअरच्या प्रोसेसरची नक्कल उभी केली आणि सारें काम त्या नकलेच्या आधारें तडीस गेलें. प्रत्यक्ष यंत्राशीं त्या प्रोग्रॅमची गांठ पडली ती काम पुरें झाल्यावर. म्हणजे परक्या यंत्रासाठीं घडविण्याची ही विद्या आरंभापासून ज्याच्या हातीं यंत्र नाहीं त्याची विद्या आहे.

हीच स्थिति हिंदुस्थानची होती. एकोणीसशें ऐशीच्या दशकांत हवामानशास्त्र व इतर शास्त्रें यांसाठीं आपल्याला महासंगणक हवा होता, आणि अमेरिकेंतील क्रे कंपनीचा संगणक मिळविण्याच्या मार्गांत तिकडील सरकारच्या निर्यातबंधनांनीं अडचणी उभ्या केल्या. यांतून १९८८ सालीं पुण्यांत प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली. तीन वर्षें मुदत आणि तीस कोटि रुपये खर्च अशी मर्यादा तिला घालून दिलेली होती. तिचें नेतृत्व डॉ. विजय भटकर यांजकडे आलें. भटकर वऱ्हाडचे, अकोला जिल्ह्यांतील मुरंबा हें त्यांचें जन्मगांव. त्यांनीं अभियांत्रिकीची पदवी १९६५ सालीं नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयांतून घेतली. तें महाविद्यालय आज राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखलें जातें आणि मनीषनगरापासून तें कांहीं मैलांवरच आहे.

१९९१ सालीं सी-डॅकनें ‘परम ८०००’ हा महासंगणक जगापुढें ठेवला. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनविण्याच्या भरीस न पडतां अनेक सामान्य प्रोसेसरांना एकत्र कामाला लावावयाचें, ही त्याची युक्ति होती. त्याकरितां इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीचे टी-८०० जातीचे ट्रान्सप्यूटर वापरले होते. ट्रान्सप्यूटर म्हणजे ज्याच्या अंगावरच शेजाऱ्यांशीं बोलण्यासाठीं चार दुवे असतात असा प्रोसेसर. त्यांचें जाळें विणणें सोपें जाई; परंतु अशा जाळ्याला स्वतःचा पडदा नसे कीं कळफलक नसे. त्याच्या शेजारीं एक यजमान संगणक लागे. प्रोग्रॅम लिहावयाचा यजमानावर, त्याचें रूपांतर करावयाचें ट्रान्सप्यूटरच्या भाषेंत, आणि मग दुव्यावाटे तो जाळ्यांत उतरवावयाचा. यजमानाची भाषा निराळी, पाहुण्यांची निराळी.

पुढच्या ‘परम ८६००’ मध्यें ट्रान्सप्यूटरांच्या जोडीला इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर आला. म्हणजे एकाच पेटींत दोन भाषा, आणि यजमानाची तिसरी. पुढें १९९८ च्या ‘परम १००००’ मध्यें सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आले, आणि त्यानंतरच्या ‘परम पद्म’ मध्यें आयबीएमचे पॉवर-४. पिढी बदलली कीं भाषा बदलली, आणि भाषा बदलली कीं जुने सर्व प्रोग्रॅम नव्यानें बांधावे लागले. महासंगणकाचा वेग वर्तमानपत्रांत छापून येतो. कोणतें हत्यार कोणत्या यंत्राचें, याचा हिशेब ठेवणाऱ्यांचे श्रम छापून येत नाहींत. परंतु तो हिशेब चुकला तर वेगाचा कांहीं उपयोग नाहीं.

हा हिशेब चुकतो तरी कसा? त्याचें मूळ नांवांत आहे. युनिक्स व तिच्या वंशांतील लिनक्स या प्रणालींत हत्यारांचीं नांवें अगदीं आंखूड असतात. कंपायलर ‘सीसी’, तुकडे जोडणारा तो ‘एलडी’, यंत्रभाषेचीं अक्षरें जुळविणारा तो ‘एएस’. मनुष्यानें ‘एलडी’ म्हणून हाक मारली कीं संगणक एक ठराविक यादी घेऊन बसतो. त्या यादीस ‘पाथ’ म्हणतात. यादींत ज्या कोठ्यांचीं नांवें लिहिलेलीं असतील त्या कोठ्या तो क्रमानें धुंडाळतो, आणि त्या नांवाचें जें पहिलें हत्यार सांपडेल तें उचलतो. तें घरचें आहे कीं परक्या यंत्राचें आहे, हें तो विचारीत नाहीं. परक्या यंत्राच्या हत्यारांची कोठी यादींत पुढें लिहिली गेली, कीं घरच्या कामालाहि परकें हत्यार हातीं येतें.

ही चूक शाहण्यासुरत्या माणसाकडूनहि होते. जीसीसी हा कंपायलर परक्या यंत्रासाठीं बसविला म्हणजे त्याच्या मुख्य हत्यारांच्या नांवामागें त्या यंत्राचें नांव लागतें, आणि ओळख पटते. पण त्याच बसवणुकींत आंतल्या बाजूस आणखी एक कोठी तयार होते, आणि तिच्यांत ‘एएस’ व ‘एलडी’ हीं हत्यारें साध्या, बिनउपसर्गाच्या नांवांनीं ठेवलेलीं असतात. तीं कंपायलरच्या खासगी उपयोगाचीं आहेत. हें न ओळखतां जो ती कोठीहि आपल्या यादींत घालतो, त्याच्या घरची रोजची बांधणी दुसऱ्या दिवशीं मोडते, आणि काय मोडलें हें त्याला समजत नाहीं.

अशा घोटाळ्याचे परिणाम तीन प्रकारचे होतात. पहिला प्रकार उघड आहे: जोडणारें हत्यार तुकडे पाहतांच ‘ही जात माझी नव्हे’ म्हणून काम नाकारतें. दुसऱ्या प्रकारांत प्रोग्रॅम बांधून होतो, पण चालवूं जातां संगणक त्याला ओळखीत नाहीं. हे दोन्हीं प्रकार त्रासाचे असले तरी प्रामाणिक आहेत. तिसरा प्रकार घातुक. त्यांत सर्व कांहीं सुरळीत होतें आणि उत्तर तेवढें चुकतें. बांधणीच्या आरंभीं एक परीक्षक प्रोग्रॅम यंत्राचे गुण तपासून टिपून ठेवतो. अमुक जातीची संख्या चार बाइटांची कीं आठांची, बाइटांचा क्रम उजवीकडून कीं डावीकडून, इत्यादि. लक्ष्य एक यंत्र आणि तपासणी दुसऱ्याची झाली, तर टिपणें खोटीं ठरतात. इंटेलच्या यंत्रांत संख्येचा सर्वांत लहान भाग आधीं ठेवितात, स्पार्कच्या यंत्रांत सर्वांत मोठा. चार बाइटांत लिहिलेला १ हा अंक उलट क्रमानें वाचला तर तो १,६७,७७,२१६ होतो. यंत्र तक्रार करीत नाहीं. अशा उत्तरावर कोणी पुलाचें गणित करील, कोणी औषधाची मात्रा ठरवील. शिंप्यानें गिऱ्हाइकाऐवजीं स्वतःच्या खांद्याला कापड लावलें, तें हेंच.

या रोगावरचा पहिला उपाय म्हणजे नांवाला उपनांव जोडणें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि त्यांतून १९८७ सालीं जीसीसी हा कंपायलर सर्वांना मोकळा झाला. निरनिराळ्या प्रोसेसरांच्या वर्णनांवरून निरनिराळ्या यंत्रांसाठीं एकच कंपायलर सिद्ध करतां यावा, अशी त्याची रचना होती. १९८९ सालीं निघालेल्या सिग्नस या कंपनीनें तो अनेक प्रोसेसरांवर नेण्याचा धंदाच केला. या काळांत तीन प्रश्न विचारण्याची शिस्त रूढ झाली: कंपायलर कोणत्या यंत्रावर बांधला जात आहे? तो कोणत्या यंत्रावर चालणार आहे? आणि तो कोणत्या यंत्रासाठीं प्रोग्रॅम घडविणार आहे? सामान्यतः तिन्हींचें उत्तर एकच असतें. क्रॉस-कंपायलरच्या बाबतींत तिसरें निराळें असतें. तिन्हीं उत्तरें तीन असलीं तर त्या प्रकाराला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. हें नांव पडलें तेव्हां कॅनडांत तीन राष्ट्रीय पक्ष होते, एवढाच त्याचा अर्थ. या तीन प्रश्नांतूनच प्रोसेसर, कर्ता व प्रणाली असें जोडनांव लावण्याची चाल पडली. एकाच गांवांत दोन गोविंद असले तर आडनांवानें ओळखावे, अशी ही साधी व्यवहारी रीत आहे.

दुसरा उपाय जागेचा. परक्या हत्यारांना घरच्या हत्यारांच्या कोठींत न ठेवतां त्यांची स्वतंत्र कोठी करावी, आणि परक्या यंत्राच्या लायब्रऱ्या व मथळ्याच्या फायली यांसाठीं निराळें मूळस्थान नेमून द्यावें, म्हणजे क्रॉस-कंपायलर शोधाशोध करीत घरच्या फायलींपर्यंत येत नाहीं. युनिक्समध्यें १९७९ पासून एक विशेष सोय होती. तिच्या योगें एखाद्या प्रोग्रॅमला एका कोठींत असें बसवितां येतें कीं ती कोठी म्हणजेच सारें जग असें त्याला वाटावें. आजकाल कंटेनर या नांवानें जी सोय लोकप्रिय आहे तिच्या पूर्वजांत ही एक आहे.

तिसरा उपाय कामाच्या वेळेचा, आणि घरगुती माणसाला तोच सर्वांत अधिक उपयोगी. परक्या यंत्राच्या बांधणीसाठीं जी पूर्वतयारीची फाईल मिळते, ती कंपायलरचें नांव, त्याच्या खुणा आणि ‘पाथ’ची यादी बदलून टाकते. पुष्कळ उत्साही तरुण रोजचा त्रास वांचावा म्हणून ती तयारी संगणकांत प्रवेश करतांच आपोआप होईल अशी योजना करतात. येथेंच घात होतो. त्या क्षणापासून घरचा प्रत्येक प्रोग्रॅम परक्या मापानें बेतला जाऊं लागतो. खरी रीत अशी कीं, परक्या कामासाठीं वेगळी खिडकी उघडावी, तयारी तिच्यांतच करावी, आणि काम संपलें कीं ती खिडकी बंद करावी. ओला चमचा लोणच्याच्या बरणींत जाऊं द्यावयाचा नाहीं, हें ज्या घरांत सांगावें लागत नाहीं, त्या घरांत हें सांगण्याचेंहि कारण पडूं नये. मोठ्या संगणनकेंद्रांतून हीच रीत ‘मॉड्यूल्स’ या नांवानें चालते. ‘परम ८०००’ जगापुढें आला त्याच १९९१ सालीं जॉन फर्लानी यांनीं ही पद्धति मांडली: हवें तें हत्यार कामापुरतें मागून घ्यावें आणि काम होतांच परत करावें. सी-डॅकच्या अलीकडील परम संगणकांवरहि वापरणाऱ्यांना हीच पद्धति शिकविली जाते.

शुद्ध वातावरणाचा आग्रह किती टोंकाला नेतां येतो, याचें उदाहरण म्हणजे जेरार्ड बीकमन्स यांनीं १९९९ मध्यें सुरू केलेला ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा ग्रंथरूप प्रकल्प. मूळ साहित्यापासून सारी प्रणाली स्वहस्तें बांधण्याचा विधि त्यांत सांगितला आहे. त्यासाठीं निराळा वापरकर्ता निर्माण करतात, आणि त्याच्या भोंवतालच्या जुन्या सर्व खुणा पुसून त्याला कोऱ्या वातावरणांत बसवितात. प्रोसेसर तोच असला तरी जोडनांवांतील कर्त्याचें नांव मुद्दाम बदलतात. त्यामुळें हत्यारें समजतात कीं आपण परक्या यंत्रासाठीं काम करीत आहों, आणि घरच्या फायलींना हात लावीत नाहींत. इतकेंच नव्हे, तर पूर्वी सांपडलेल्या हत्यारांच्या जागा लक्षांत ठेवण्याची संगणकाची संवयहि बंद करावयास सांगितलें आहे. नाहीं तर नवें हत्यार तयार असतां तो जुन्याकडेच धांवेल.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. वेगळें ठेवणें म्हणजे घरच्या हत्यारांना हाकलून देणें नव्हे. परक्या यंत्रासाठीं मोठा प्रोग्रॅम बांधीत असतां मध्येंच कांहीं लहान मदतनीस प्रोग्रॅम लागतात, आणि ते बांधणी चालू असतांच घरच्या यंत्रावर चालवावयाचे असतात. ते परक्या भाषेंत बांधले तर पुढचें काम अडतें. अंगरखा गिऱ्हाइकाच्या मापाचा हवा. पण शिवतांना बोटांत घालावयाचें अंगुस्तान शिंप्याच्याच बोटाला बसलें पाहिजे. लिनक्सचा गाभा बांधण्याच्या व्यवस्थेंत म्हणूनच घरचा कंपायलर आणि परका कंपायलर यांस दोन स्वतंत्र नांवें दिलेलीं आहेत. दोघेहि एकाच कामावर असतात आणि कोणीहि दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं.

महाराष्ट्रांत या विद्येचें शास्त्रशुद्ध अध्ययनहि झालें आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकारानें जीसीसीच्या अभ्यासाचें एक केंद्र चाललें. यंत्राच्या वर्णनावरून कंपायलर कसा सिद्ध होतो, हें त्यानें कार्यशाळा भरवून शिक्षकांना व विद्यार्थ्यांना समजावून दिलें. वस्तु वापरतां येणें आणि ती कशी घडते हें कळणें यांत अंतर आहे. ज्याला घडण कळते, तो बिघाड झाला म्हणजे यंत्राला शिव्या देत बसत नाहीं. कोठली खूण कोठें राहून गेली हें तो शोधतो.

हा सारा इतिहास एकत्र पाहिला म्हणजे एक विचार मनांत येतो. परक्या यंत्रासाठीं घडविण्याची विद्या ही उणीव असलेल्यांची विद्या होती. ॲलनजवळ अल्टेअर नव्हता. हिंदुस्थानजवळ हवा तो महासंगणक नव्हता. आणि मनीषनगरांतील विद्यार्थ्याजवळहि ज्या ज्या यंत्रासाठीं त्याला लिहावयाचें आहे तें प्रत्येक यंत्र असणें शक्य नाहीं. जें जवळ आहे त्यावर बसून जें जवळ नाहीं त्यासाठीं घडवितां येतें, ही या विद्येची देणगी. पण ती फुकट नाहीं. तिची किंमत म्हणजे व्यवस्था: प्रत्येक हत्याराला नांव, प्रत्येक नांवाला जागा, आणि प्रत्येक जागेला वेळ. ही किंमत जो देत नाहीं त्याला परकें यंत्र तर साधत नाहींच, घरचेंहि हातचें जातें.

तेव्हां रात्रीं उशिरां टेबलाशीं बसलेला मुलगा ‘कालपर्यंत चालत होतें, आज कांहींच बांधलें जात नाहीं’ असें म्हणून कपाळाला हात लावून बसला, तर वडील मंडळींनीं संगणक जुना झाला असें ठरवून नवा घेण्याची घाई करूं नये; मुलानेंहि सारें पुसून पुन्हां आरंभापासून बसविण्याचा आततायीपणा करूं नये. आधीं यादी पाहावी. काल कोणत्या परक्या यंत्राचें काम केलें, आणि त्याचीं हत्यारें आपल्या जागीं परत ठेवलीं कीं नाहीं, एवढें विचारावें. बहुधा तेवढ्यानेंच दिवा लागेल.